बीएडच्या कॉलेजांचा पसंतीक्रम मी सराव शाळा बघून भरला

बीएडला जायचं माझ्या मनात पक्कं झालं ते शिकवणीला येणाऱ्या एका मुलामुळे. लग्नानंतर कोल्हापुरात फुलेवाडीत आले आणि घरीच सातवी ते दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या. माझी बीएस्सी गणितातली, त्यामुळे गणितं सोडवून दाखवणं कधी जड गेलं नाही. हा मुलगा उणे तीनमधून पाच वजा केले की उत्तर अधिक आठ लिहायचा. असं का, विचारलं की ठामपणे सांगायचा, "दोन मायनस आले की प्लस होतंय की, मॅडम." गुणाकाराचा नियम त्यानं वजाबाकीला लावला होता. मी फरक समजावला, संख्यारेषा काढून दाखवली, चार गणितं करून घेतली. ती बरोबर आली. आठवडा गेला आणि पुन्हा अधिक आठ. मुलांकडून बरोबर उत्तर काढून घेणं मला येत होतं. त्यांच्या डोक्यात काय बसलंय आणि ते कसं हलवायचं, हे मला कुणाकडून तरी शिकायचं होतं. मी शिकवत असताना मागच्या बाकावर बसून बघणारं आणि नंतर स्पष्ट सांगणारं माणूस मला हवं होतं. बीएडकडे मी या अपेक्षेनं गेले आणि पुढचे सगळे निर्णय याच कसोटीवर घेतले. लग्न होऊन, मध्ये खंड पडून पुन्हा शिकायला निघालेल्या मुलींना यातलं काही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

माहेर माझं भुदरगड तालुक्यात. दिवाळीला गेले तेव्हा गारगोटीला जाऊन हायस्कूलच्या आमच्या गणिताच्या बाईंना भेटले. बाई आता निवृत्त आहेत. मी बीएडचं सांगितल्यावर त्यांनी कौतुक वगैरे काही केलं नाही, सरळ विचारलं, "कुठल्या वर्गापुढं उभं राहायचंय तुला? ते आधी ठरव. बाकीचं त्याच्या मागनं येतं."

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. सगळे विचारत होते ते फॉर्म कधी सुटणार, फी किती, कॉलेज कुठलं. बाईंसमोर बसूनच मी वहीच्या एका पानावर उलट्या बाजूनं हिशेब मांडला. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बीएडचा उपयोग नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की प्राथमिकच्या त्या वर्गांसाठी बीएड ही पात्रता धरता येणार नाही. तिथं डीएलएड, म्हणजे आपण जुन्या सवयीनं ज्याला डीएड म्हणतो ते लागतं. सहावी ते आठवीसाठी पदवी, बीएड आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर दोन. नववी-दहावीसाठी पदवी आणि बीएड. अकरावी-बारावीला शिकवायचं तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवीही हवी. आणि शासकीय किंवा अनुदानित शाळेत यायचं असेल तर यापैकी कुठल्याही वाटेवर पुढे टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आहेच. टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत हेसुद्धा बऱ्याच जणींना बीएडच्या दुसऱ्या वर्षात कळतं. टीईटी ही पात्रता परीक्षा आहे, १५० गुणांची. खुल्या गटाला ६० टक्के आणि राखीव गटाला ५५ टक्के मिळाले की उत्तीर्ण. टेट २०० गुणांची, तिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असं काही नाही, गुणांवर निवड होते. सप्टेंबर २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी उरलेल्यांना दोन वर्षांची मुदत दिली. तेव्हा टीईटी टाळून पुढे जाता येईल ही आशा कुणी धरू नये.

पगाराचंही त्याच पानावर लिहिलं, कारण घरी ते सांगावं लागणार होतं. नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये झालं. त्याआधी ते इतकं कमी होतं की बाई म्हणाल्या, "आमच्या ओळखीतली पोरं संध्याकाळी दुसरं काम करून शाळा करायची."

मला सहावी ते आठवी हवी होती. मुलांचं गणित सुटायला लागतं ते तिथंच, अपूर्णांक, ऋण संख्या आणि बीजगणित एकामागोमाग येतात तेव्हा. म्हणून माझं बीएड गणित आणि विज्ञान या अध्यापन पद्धती घेऊन, मराठी माध्यमातून, हे ठरलं. इंग्रजी माध्यमाच्या बीएडसाठी सीईटी या प्रवेश परीक्षेबरोबर ईएलसीटी ही ५० प्रश्नांची इंग्रजीची वेगळी परीक्षा असते, ती मी दिली नाही.

मी बीएड करतेय हे कळल्यावर दोन सल्ले फार मिळाले. पहिला, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून घरबसल्या कर. मुक्त विद्यापीठाचं बीएड हे सेवेत असलेल्या, आधीच डीएड झालेल्या शिक्षकांसाठी आहे. माझ्यासारखीला त्यात जागा नाही. दुसरा सल्ला जास्त जिव्हाळ्यानं दिला जायचा आणि मला तो जास्त घातक वाटतो. "नॉन-अटेंडिंग कर की! परीक्षेला तेवढं जायचं." एका ओळखीच्या माणसानं तर आकडाच सांगितला, लांबच्या एका जिल्ह्यातल्या कॉलेजचं बघून देतो म्हणाला. हजेरी, पाठांच्या वह्या, सगळं कॉलेज बघून घेणार.

मला लहान मूल आहे, शिकवण्या आहेत, म्हणून हा सल्ला मला सोयीचा पडेल असं सगळ्यांना वाटत होतं. मी नियम वाचले. एनसीटीई, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, तिच्या २०१४ च्या नियमावलीनं बीएड दोन वर्षांचं केलं, त्यात वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी, शालेय आंतरवासितेला, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या सरावाला, ९० टक्के हजेरी आणि एकूण २० आठवडे शाळेत काढायचे असं लिहिलेलं आहे. पूर्वीचं एका वर्षाचं बीएड दोन वर्षांचं करण्यामागचं एक मोठं कारण शाळेतला हा सरावच होता. जी गोष्ट वाढवण्यासाठी अभ्यासक्रम दुप्पट केला तीच वगळून जर पदवी घ्यायची असेल, तर त्या पदवीनं माझ्या वर्गातल्या मुलाचं काय भलं होणार? शिकवता न येणारा शिक्षक तीस-पस्तीस वर्षं वर्गात राहतो. त्याच्या हाताखालून जाणाऱ्या मुलांना दुसरी सातवी मिळत नाही. याबद्दल मी कुणाशीही वाद घालायला तयार असते, घरातल्यांशीसुद्धा घातला.

घरात तो वाद फार टिकला नाही. सासूबाईंनीच मिटवला. "पोराचं मी बघतो, तू जा. जाऊन नीट शिक. अर्धंमुर्धं काय करू नगंस." हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, पाळी बदलती असते. त्यांचा प्रश्न पैशांचा होता, आणि तो रास्त होता. त्याबद्दल पुढे लिहिते.

जानेवारी-फेब्रुवारीत मी कॉलेजं बघायला निघाले. एनसीटीईची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे घरी बसून तपासता येतं, ते आधीच करून ठेवलं होतं. तुकडी ५० ची असते, काही ठिकाणी दोन तुकड्या. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं कोल्हापूर शहरात आहेत, तालुक्यांच्या गावी आहेत, गारगोटीला मौनी विद्यापीठ या संस्थेचं आहे. इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा सगळीकडे दाखवतात. मला सराव शाळा, म्हणजे बीएडची मुलं जिथं शिकवायचा सराव करतात त्या शाळा, बघायच्या होत्या. त्या दिवसांत दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींची आंतरवासिता चालू होती, म्हणून मी कॉलेजच्या कार्यालयातून सराव शाळांची नावं घ्यायची आणि सरळ शाळेत जाऊन मुख्याध्यापकांची परवानगी मागायची. "पुढच्या वर्षी बीएडला यायचंय, एखादा पाठ बघू का?" असं विचारलं तर कुणी सहसा नाही म्हणत नाही. पेठेतल्या एका शाळेतल्या सरांनी तर चहा सांगितला आणि म्हणाले, "आधी बघायला आलेली तुम्ही पहिल्याच."

त्या शाळेतला पाठ मला अजून जसाच्या तसा आठवतो. सातवीचा वर्ग, त्रिकोणाच्या कोनांच्या मापांची बेरीज. छात्राध्यापिका माझ्यापेक्षा लहान होती, आवाज थोडा कापत होता. तिनं प्रत्येक मुलाला कागदाचा त्रिकोण कापायला लावला, कुणाचा लांबट, कुणाचा बुटका. मग तिन्ही कोपरे फाडून एका बिंदूपाशी शेजारी शेजारी ठेवायला सांगितले. सगळ्यांची एक सरळ रेघ तयार झाली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून दुसऱ्याचा त्रिकोण बघून आला, परत आपला बघितला आणि म्हणाला, "ह्येचाबी सरळच आलाय!" तिथं वर्ग पेटला. पण ती घाईत होती. "मग बेरीज किती?" असं विचारलं आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच १८० अंश लिहून मोकळी झाली.

मागे कॉलेजच्या प्राध्यापिका निरीक्षणाला बसल्या होत्या. तास संपल्यावर व्हरांड्यात त्या तिच्याशी बराच वेळ बोलत होत्या, मी विचारून जवळ उभी राहिले. आधी त्यांनी त्रिकोण फाडण्याबद्दल शाबासकी दिली. मग पाठाची वही उघडून म्हणाल्या, "प्रश्न विचारलास आणि उत्तरही तूच दिलंस. त्या पोरानं तुला उत्तर आणूनच दिलं होतं, फक्त थांबायचं होतंस." शिवाय त्यांनी आणखी एक नोंद केली होती. मुली बसलेल्या बाजूला एकही प्रश्न गेला नव्हता. ती छात्राध्यापिका खरोखर चकित झाली. तिला ते जाणवलंच नव्हतं. आपण शिकवत असताना आपल्याला जे दिसत नाही ते दुसऱ्यानं टिपून हातात देणं, मी ज्यासाठी बीएड करायला निघाले होते ते माझ्या डोळ्यांसमोर त्या व्हरांड्यात चाललं होतं.

दुसऱ्या एका कॉलेजच्या सराव शाळेत मात्र छात्राध्यापकांना शिक्षक रजेवर असलेल्या वर्गांवर पाठवत होते. मुलं शांत ठेवायची, एवढंच काम. निरीक्षक कधी येतात विचारलं तर एकजण म्हणाला, "सह्या शेवटी एकदम होतात." कॉलेज मोठ्या नावाचं, इमारत देखणी. नाव मी लिहीत नाही, कारण एका दिवशी बघितलेल्यावरून एखाद्या संस्थेला बोल लावायचा नाही. माझ्या यादीत मात्र ते कॉलेज खाली गेलं.

म्हणून कॉलेज निवडताना माझा सल्ला असा, की प्राध्यापकांना भेटा, पण दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून जास्त विचारा. पाठ झाल्यावर तुझ्याशी कोण बोलतं? किती वेळ बोलतं? त्यांचं ऐकून पुढचा पाठ बदललास का? तुझ्या विषयाचं निरीक्षण त्याच विषयाची पद्धती शिकवणारे करतात की कुणीही? शेवटचा प्रश्न गणितवाल्यांनी नक्की विचारावा. या प्रश्नांना मुली अडखळल्या तर समजून घ्यायचं.

कागदपत्रांकडे येते. मध्ये खंड पडलेल्या आणि लग्न झालेल्या बाईची खरी दमछाक इथं होते. माझी दहावी, बारावी, पदवी, जातीचा दाखला, वैधता सगळं माहेरच्या नावावर. आधार, बँक खातं सासरच्या नावावर. सीईटीचा फॉर्म दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावानं भरायचा, हे पक्कं धरा. दोन नावं जोडणारा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र तयार ठेवलं. राजपत्रात नाव बदललं असेल तर ती प्रत. जातीचा दाखला लग्नानंतरही वडिलांकडूनच चालतो, सासरच्या नावानं नवा काढायच्या फंदात पडू नये. वैधता प्रमाणपत्र माझं बारावीलाच निघालं होतं, त्याबद्दल माझ्या वडिलांचे उपकार. ज्यांचं नसेल त्यांनी विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात पडताळणी समितीकडे आजच अर्ज करावा. वंशावळ, आजोबांच्या शाळेचा दाखला, महसुली नोंदी गोळा करण्यात महिने जातात.

सगळ्यात जास्त गोंधळ नॉन-क्रीमिलेअरचा. एका सेवा केंद्रात मला ठामपणे सांगितलं की आता नवऱ्याचं उत्पन्न लागणार. ते खरं नाही. क्रीमिलेअर ठरतं ते आईवडिलांच्या स्थितीवरून, लग्न झालेल्या मुलीचंही. मी आण्णांना, माझ्या वडिलांना, फोन केला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी गावी तलाठ्याकडे जाऊन उत्पन्नाचं काम सुरू केलं, तिथून तहसील, मग प्रांत कार्यालय. कोल्हापुरातल्या संभाजीनगर स्टँडवरून गारगोटीची एसटी धरून मीही गेले. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून या फेऱ्या परवडतात, ही गोष्ट लहान वाटेल, पण दाखल्यांसाठी तालुक्याला खेटे घालणाऱ्या बाईला विचारा. दाखल्याची मुदत प्रवेशाच्या वर्षाला पुरते का, तेही बघून घ्या. उरलेले म्हणजे अधिवास प्रमाणपत्र, पदवी प्रमाणपत्र, सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला आणि मधल्या वर्षांसाठी खंडाचं प्रतिज्ञापत्र. पदवीचे किमान ५० टक्के हवेत, महाराष्ट्रातल्या राखीव गटाला ४५. हे सगळं परीक्षेच्या आधी हातात आलं, म्हणून प्रवेश फेऱ्यांच्या वेळी मी निवांत होते. माझ्या बरोबरीची एक मुलगी चांगले गुण असूनही एका दाखल्यापायी खुल्या गटात गेली आणि जवळचं कॉलेज तिच्या हातून गेलं.

सीईटीबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण तिचा बाऊ करण्याचं कारण नाही. संगणकावर परीक्षा, १०० प्रश्न, ९० मिनिटं. बुद्धिमत्तेवर ४०, सामान्य ज्ञानावर ३०, शिक्षक अभियोग्यतेवर ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न मोकळा सोडू नये. प्रश्नाला एक मिनिटही मिळत नाही, म्हणून घड्याळ लावून सराव केला तेवढा पुरला. गणितवाल्यांना मालिका, सांकेतिक भाषा, नातेसंबंध यांचा त्रास होत नाही. शिक्षक अभियोग्यतेत प्रसंग देतात: एखादा विद्यार्थी सतत उशिरा येतो, तुम्ही काय कराल? अशा वेळी उत्तरांतलं कुठलं उत्तर आधी मुलाची अडचण समजून घेतं, ते बघायचं. परीक्षेसाठी म्हणून हे सांगत नाही, वर्गातही तेच करायचं असतं.

सामान्य ज्ञान माझं कच्चं होतं. भवानी मंडपाजवळच्या करवीर नगर वाचन मंदिरात सकाळी दोन तास बसायची. ती संस्था १८५० ची, म्हणजे आपल्या विद्यापीठाहून शंभरावर वर्षांनी मोठी. तिथं वाचताना एक गोष्ट झाली जी मी फॉर्म भरताना धरली नव्हती. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हे परीक्षेत येणारं वाक्य मला लहानपणापासून पाठ होतं. पण त्यासाठी गावोगाव शिक्षक कुठून आले असतील, त्यांना कुणी शिकवलं असेल, हा प्रश्न पहिल्यांदाच पडला. मग जे. पी. नाईकांबद्दल वाचलं. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा हा माणूस, १९६४ ते ६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचा सदस्य-सचिव. ज्या मौनी विद्यापीठाच्या आवारातून मी शाळेच्या वयात कितीदा गेले, ते त्यांनी उभं केलेलं. देशाच्या शिक्षणाचा विचार आमच्या भागातल्या एका माणसानं केला होता आणि मी शिक्षिका व्हायला निघाल्यावर ते मला कळत होतं. बाईंना फोन करून सांगितलं, तर त्यांनी आणखी एक नाव दिलं: लीलाताई पाटील. त्यांनी कोल्हापुरात १९८५ मध्ये सुरू केलेलं सृजनआनंद विद्यालय. "शिक्षकांना शिकवणारी बाई होती ती, आणि मग स्वतः शाळा काढून दाखवली," बाई म्हणाल्या. कोल्हापुरात बीएड करणाऱ्यानं या माणसांची कामं माहीत करून घेतल्याशिवाय राहू नये असं मला वाटतं.

निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. नोंदणी, कागदपत्रं चढवणं, ई-पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, मग कॉलेजांचा पसंतीक्रम. स्कॅन पुसट असला की अर्ज दुरुस्तीला परत येतो, म्हणून मोबाईलवरचे फोटो टाकण्यापेक्षा चांगल्या दुकानात स्कॅन करून घेतलेलं बरं. पडताळणीच्या काळात रोज एकदा लॉगिन करून बघायचं.

पसंतीक्रम भरायला मी सराव शाळांची वही पुढ्यात घेतली. शासकीय आणि अनुदानित जागा फीच्या दृष्टीनं वर राहतातच, ते समजण्यासारखं आहे. त्याखालची कॉलेजं मात्र मी गुणांच्या जुन्या याद्यांवरून लावली नाहीत. जिथं पाठानंतर बोलणारं माणूस दिसलं ती वर, केएमटीच्या शहर बसनं वेळेत पोचता येईल अशी त्यानंतर, आणि ज्या कॉलेजात जायची माझी तयारी नाही ते यादीत टाकलंच नाही. रिकामी ओळ दिसली की भरावीशी वाटते, पण मिळालं तर जावं लागेल हे डोक्यात ठेवायचं. मला वरच्या कॉलेजांपैकी एक मिळालं. मूळ कागद घेऊन गेले, फी भरली, पावती घेतली.

पैशांचं असं, की प्रवेश याच प्रक्रियेतून घेणं फार महत्त्वाचं आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा शासन निर्णय आहे. संस्था स्तरावर परस्पर प्रवेश घेतला की ही सवलत जाते. नॉन-अटेंडिंगचं बघून देतो म्हणणारा माणूस हे सांगत नाही. महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर अर्ज वेळेत भरायचा, आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का ते आधीच बघायचं. तरीही घराचं गणित मांडताना ही रक्कम धरू नये. आली की आली. इतर खर्च सतत असतो: गणवेशाची साडी, पाठाच्या वह्या, तक्ते, कार्डशीट, प्रतिकृती, झेरॉक्स, बसचा पास.

कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्यांदा सूक्ष्म अध्यापन आलं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), बारा मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटं तोच पाठ, पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांत एकच कौशल्य, कधी प्रश्न विचारणं, कधी फलकलेखन. समोर वर्गातल्याच मैत्रिणी विद्यार्थी होऊन बसतात. काहींना हे कृत्रिम वाटतं. मला नाही वाटत. इतकी वर्षं शिकवण्या घेतल्या, पण मी फळ्याकडे तोंड करून बोलते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते पहिल्या आठवड्यातच सांगितलं गेलं, आणि दुसऱ्या फेरीत मी वळून उभी राहिले.

दुसऱ्या वर्षाचे आंतरवासितेचे १६ आठवडे हा आमच्या घराच्या नियोजनातला सगळ्यात अवघड भाग आहे. शाळेची पूर्ण वेळ, ९० टक्के हजेरी, घरी आल्यावर पाठाची तयारी. म्हणून मी दहावीच्या शिकवण्या पुढच्या वर्षी घेणार नाही असं पालकांना आत्ताच सांगितलं, म्हणजे ते दुसरीकडे बघू शकतील. खालच्या वर्गांच्या संध्याकाळी तासभर चालू राहतील. तेवढ्या महिन्यांचं घटणारं उत्पन्न भरून काढायला यंदापासूनच पोस्टात आवर्ती ठेव काढली आहे. ह्यांनी त्या काळात सकाळची पाळी मिळावी म्हणून कारखान्यात बोलून ठेवलंय, कारण संध्याकाळी पोराला सांभाळायला सासूबाईंना एकटीनं जड जातं. आंतरवासितेसाठी शाळेचा पसंतीक्रम विचारतात तेव्हा मी महापालिकेची शाळा मागणार आहे. त्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांना मी भेटूनही आले. सातवीचे दोन वर्ग आहेत, गणिताला एकच शिक्षक. त्या म्हणाल्या, "जूनमध्येच या, पुस्तक कुठवर न्यायचं ते बसून ठरवू."